ओरकानच्या रक्ताचा कागद

ब्रेझोव्का,
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय इम्रो दादा,

तू आणि मार्गिता वहिनी बरे असाल. इकडे सकाळी गवतावर दहिवर गोठायला लागलंय. बटाटे काढून झाले. यंदा प्लम भरपूर लागले होते, त्यांचा घट्ट मुरंबा केला आणि सहा बरण्या तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत, येशील तेव्हा घेऊन जा. गुडघा दुखतो, पण चालतेय. माझी पोस्टाची खिडकी आता आठवड्यातून तीनच दिवस उघडायची असा हुकूम आलाय, त्यामुळे गावातले म्हातारे पेन्शनचं विचारायला थेट माझ्या घरीच येतात. यास्ना कुत्रीचं पिल्लांनी ओढलेलं अंग पुन्हा भरून आलंय. काल तिने शेजाऱ्यांचं फाटक उघडलं, आत जाऊन सगळं बघून आली आणि परत येऊन आपल्या जागी बसली. मी शेजाऱ्यांना काही बोलले नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मला दोन वाक्यांत हसवतोस आणि विचारायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

युदिताचं पत्र आलंय. सर्बियातल्या आपल्या स्लोवाक गावातली ती शाळामास्तरीण, जिने यास्नाचं धाकटं पिल्लू नेलं, दुनाय. ती आपल्याकडे कशी आली हे तुला ठाऊकच आहे, तरी पुन्हा लिहिते. लिहिलं की मला नीट दिसतं.

तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं पत्र आलं, चार ताव भरून, सदतीस प्रश्न. अडीचशे वर्षांपूर्वी तिचे पूर्वज इथून तिकडे गेले, त्यामुळे ती आपल्या आजीसारखी स्लोवाक बोलते. ते प्रश्न मी तुला वाचून दाखवले तेव्हा तू म्हणाला होतास, "ही बाई कुत्रं घेतेय की नवरा?" मी म्हटलं होतं, "नवरा करताना कुणी एवढं विचारत नाही." किंमत तिने शेवटी विचारली. आधी विचारलं ते यास्नाचे आजी-आजोबा कशाने गेले.

त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. आपली वल्चाक, ही लांडग्याच्या वंशाची कुत्री, ज्यांच्या घरी मोठी झाली अशा तीन घरी जाऊन आली आणि एकीने फाडलेला सोफासुद्धा बघून आली. माझ्याकडे आठ दिवस राहिली, रोज आवार झाडलं, यास्नाने तिच्या कोटाची बाही उसवली तर ती शिवून घेतली आणि वहीत लिहून ठेवलं की ही जात कंटाळली की शिवणी शोधते. परत जाऊन गवंडी नवऱ्याकडून दोन मीटरचं कुंपण बांधून घेतलं, खाली अर्धा मीटर दगड पुरून. गावच्या पंचायतीत आणि शेजारच्या सगळ्या घरी जाऊन सांगितलं की हा लांडगा नाही, पण ह्याच्या पणज्यांच्या पणज्यांत लांडगा होता, तेव्हा कोंबड्या सांभाळा आणि मला आधी सांगा, मागून कुरकुरू नका. सरहद्दीवर कुठले कागद लागतात त्याची चौकशी तिने पिल्लं जन्माला यायच्या आधीच करून ठेवली होती. बाराव्या आठवड्यात रेबीजची लस, मग तीन आठवडे थांबायचं, मग डॉक्टरचा दाखला. विमानात घालणार नाही म्हणाली, गाडीने दर दोन तासांनी थांबत नेईन.

"मला घाई नाही," ती म्हणाली होती. "चुकीचं पिल्लू लवकर घरी आणून मी काय करू?"

अट एकच होती, वाढ खुंटवणाऱ्या खुजेपणाच्या दोषाची. यास्नाच्या रक्तात तो दोष अर्धा आहे, ती स्वतः धडधाकट असली तरी पिल्लांना देऊ शकते, हे मी तिला पहिल्याच उत्तरात कळवलं होतं. तिने एवढंच म्हटलं की मग नर स्वच्छ हवा, आणि त्याचा कागद मला बघायचाय. मी लिहिलं की नर माझ्या भावाचा आहे, भाऊ स्वतः जनावरांचा डॉक्टर आहे, आपल्या वल्चाक पाळणाऱ्यांच्या प्रादेशिक संघाचा अध्यक्ष आहे, आणि त्या नराचं, ओरकानचं, रक्त त्याने स्वतः काढून तपासायला पाठवलं होतं.

आता ऐक. दुनाय साडेसात महिन्यांचा झालाय आणि त्याचं वजन नऊ किलो आहे. पिल्लाची लव अजून गेली नाही, नवे केस नाहीत, कुशीवरचे केस झडताहेत. नोव्ही सादच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. खुजेपणा पक्का निघाला. हा दोष दोन्हीकडून आल्याशिवाय होत नाही. एक बाजू यास्नाची, ती आम्हाला माहीतच होती.

जूनमध्ये तू जो कागद तिला दाखवलास, त्यावरचा नंबर तिने वहीत उतरवून घेतला होता. तिने प्रयोगशाळेला लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की तो नंबर ओरकानच्या कातडीखालच्या चिपशी जुळत नाही, तो ओरकानच्या सख्ख्या भावाचा आहे.

काहीतरी गफलत झाली असणार. तुझ्या कपाटातल्या कागदांची काय अवस्था असते ते मला ठाऊक आहे. ओरकानचा खरा कागद शोध आणि मला पाठव, म्हणजे मी तिला नीट उत्तर देऊ शकेन. तिने पत्रात एक वाकडा शब्द लिहिलेला नाही, म्हणून मला जास्त अवघड जातंय.

वहिनीला गुडघ्याच्या मलमाचं नाव विचार.

तुझी लाडकी,
ओतका


ब्रेझोव्का,
९ नोव्हेंबर

इम्रो दादा,

बरण्या नेल्यास, बरं झालं. मलमाचा उपयोग होतोय, वहिनीला सांग.

मृतांच्या सणाला, शनिवारी, दफनभूमीत जे बोलणं झालं ते मी घरी येऊन लिहून काढलं. पुढे तू म्हणशील असं झालंच नव्हतं, आणि मी तुझं ऐकेन. आजवर ऐकतच आले.

वहिनी बादली घेऊन नळावर गेली होती. तू आईच्या थडग्यावरच्या दिव्याची काच पुसत होतास, मी शेवंती मांडत होते.

"कागद आणलास?" मी विचारलं.

"आज तरी कुत्र्यांचं नको, ओतका. इथे तरी नको."

"म्हणजे कागद नाहीये."

"आहे," तू म्हणालास. "तुला हवा तसा नाहीये."

मी विचारलं, कधीपासून. तू म्हणालास दोन वर्षं. म्हणजे यास्नाला मी तुझ्याकडे घेऊन आले त्याच्या सव्वा वर्ष आधीपासून. मी तुझ्या अंगणात उभी राहून विचारलं होतं, "ओरकान नक्की स्वच्छ आहे ना, माझी तशी नाही." तू म्हणालास, "मी काय तुला दुसऱ्याचं कुत्रं विकतोय?" आणि आपण आत जाऊन हालुश्की खाल्ले. त्यावरचं ब्रिंझा चीज खारट झालं होतं म्हणून तू वहिनीला चिडवत होतास.

"चारात एक, ओतका," तू दफनभूमीत म्हणालास. "एवढीच शक्यता असते. सहा पिल्लांत एकही खुजं निघालं नसतं, असंही झालं असतं."

"पण झालं."

"झालं. नशीब."

"तू मला नुसतं सांगितलं असतंस तर मी तिला दुसऱ्या नराकडे नेलं असतं. ब्र्नोला नेलं असतं. त्यात एवढं काय होतं?"

"आणि लोकांनी विचारलं असतं, सख्खी बहीण भावाचं कुत्रं सोडून ब्र्नोला का जाते? मग काय सांगितलं असतंस?"

तेव्हा मला उलगडा झाला. संघाच्या सभेत तू म्हाताऱ्या हाव्रिलाला सगळ्यांसमोर उभं केलं होतंस. ज्यांनी आपल्या नराची तपासणी केली नाही त्यांनी या खोलीत बसू नये, असं म्हणाला होतास. तो टोपी उचलून निघून गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ओरकानचा निकाल त्या सभेनंतर तीन आठवड्यांनी आला, हे तू परवा सांगितलंस. तेही मी विचारलं म्हणून.

"बाबांच्या वेळी कुठे होत्या तपासण्या?" तू म्हणालास. "त्यांची कुत्री सरहद्दीवर पहाऱ्याला धावत होती की नव्हती?"

"बाबांनी कुणाला खोटा कागद दाखवला नाही."

"बाबांना कुणी कागद मागितलाच नाही. आणि मी तुला विश्वास ठेव म्हणालो नव्हतो. तू ठेवलास."

इतक्यात वहिनी पाणी घेऊन आली, आणि तू एकदम मोकळ्या आवाजात म्हणालास, "चला, गारठलं." ते ऐकून मला भीती वाटली. हाच आवाज तू जूनमध्ये युदितासमोर काढला होतास.

चौथीत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू केली होतीस. बाबा तेव्हा सरहद्दीच्या ठाण्यावर होते आणि मला गणितात नापास शेरा होता. सही इतकी हुबेहूब होती की बाईंनी दोनदा बघून प्रगतिपुस्तक परत दिलं. असा भाऊ कुणाला नसेल असं मला वाटलं होतं. परवा बसमधून येताना मला तेच आठवत होतं. तुझं खोटं मला नेहमीच माझ्या बाजूचं वाटत आलं.

आता दुसरं. हे तुला ठाऊक आहे, पण मला ते माझ्या हाताने कागदावर लिहायचंय.

मी दर रविवारी सहाही पिल्लांची वजनं करून युदिताला कळवत होते. मे महिन्यात, नवव्या आठवड्यात, ती बघायला आली. दुनाय तिच्या बुटावर येऊन बसला आणि उठेना, म्हणून तिने तो निवडला. तेव्हा तो थोडासाच लहान होता. त्यानंतर बाकीची वाढली आणि तो तिथेच राहिला. मी तुला फोन केला. "जंताचं औषध दे," तू म्हणालास. "त्याचा आजोबाही असाच उशिरा वाढला." मी औषध दिलं. अकराव्या आठवड्यात पुन्हा फोन केला आणि सरळ विचारलं की हे ते तर नाही ना.

"कसं असेल? ओरकान स्वच्छ आहे," तू म्हणालास. "आणि त्या बाईला ओळखतेस ना. तो आकडा बघून ती दिवसभर पुस्तकं चाळत बसेल. वजन जरा सांभाळून लिही."

मी सांभाळून लिहिलं. दुनायच्या नावापुढे त्याच्या भावाचं वजन लिहिलं. तो भाऊ बाराव्या आठवड्यात आपल्या घरी गेला, त्यानंतर अंदाजाने लिहीत राहिले. पाच रविवार. माझ्या घरच्या वहीत खरी वजनं आहेत, तिला गेलेल्या पत्रांत खोटी.

जूनच्या शेवटी ती गाडी घेऊन आली तेव्हा बाकीची पाच पिल्लं गेलेली होती. शेजारी उभं करून बघायला कुणी नव्हतं. तिने दुनायला उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "पत्रात दहा किलो होतं. हा हाताला तेवढा लागत नाही."

"काटा जुना झालाय," मी म्हणाले.

तिने तुला विचारलं, नराची तपासणी झालीय ना, आणि तू कोटाच्या खिशातून तो कागद काढलास. घडी न मोडलेला, तयार ठेवलेला. तिने चष्मा लावून वाचला. मी बाजूला उभी होते. कागद माझ्यापासून हातभर लांब होता. मी वळून कुत्र्यांचं पाण्याचं भांडं भरायला गेले. ते भांडं भरलेलंच होतं.

मला माहीत नव्हतं, असं मी युदिताला सांगू शकते, आणि ते खोटंही ठरणार नाही. पण मला जाणून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे जाणार आहे. ही वही घेऊन जाणार आणि तोंडाने सांगणार. त्याच्या आधी तू संघाच्या समितीला सांग. ओरकानची आणखी दोन वेतांची पिल्लं बाहेर आहेत, अकरा घरं आहेत ती. फेब्रुवारीत पोलंडहून एक मादी त्याच्याकडे येणार आहे. तुझ्या तोंडून गेलं तर लोक ऐकून घेतील, कदाचित मानही देतील. मी तुझ्याविरुद्ध काही करत नाहीये. तुला वाट देतेय.

उत्तराची वाट बघते.

ओतिलिया


ब्रेझोव्का,
१४ जानेवारी

इम्रिख,

नाताळात मला सर्दी झाल्याचं वहिनीला कळवलं होतं. सर्दी नव्हती. तिने बिस्किटांचा डबा पाठवला, तिचे आभार मान. तिला यातलं काय माहीत आहे ते मला माहीत नाही, आणि मी तिला विचारणार नाही.

बर्फ खूप पडलंय. यास्नाचं ऑपरेशन करून घेतलं, ती आता विणार नाही. टाके सुकले आहेत.

युदिताकडे मी पाच डिसेंबरला पोचले. बुडापेस्टला बस बदलून, दिवसभराचा प्रवास. काय बोलायचं ते मी बसमध्ये इतक्यांदा घोकलं होतं की शेजारची बाई मला विचारायला लागली, परीक्षा आहे का. त्यांचं गाव सपाट आहे, रस्ता सुतासारखा सरळ, दोन्ही बाजूंना तुतीची झाडं. घर शोधावं लागलं नाही. ते कुंपण लांबूनच दिसतं.

नवऱ्याने, ओंद्रेयने, हात मिळवला आणि तो अंगणात निघून गेला. युदिता स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. उठली नाही. दुनाय चुलीजवळ होता. त्याला तिने लोकरीचं जाकीट विणून घातलंय. तोंड अजून पिल्लाचंच आहे, अंग कोल्ह्याएवढं, जाकिटाखाली कातडी करडी दिसते. डोळे मात्र यास्नाचे, मधाच्या रंगाचे. तो उठून आला आणि माझ्या बुटाची नाडी ओढायला लागला. मला ओळखलं नसावं, तो सगळ्यांच्याच नाड्या ओढतो म्हणे.

मी पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, "युदिता, मला तुला एक सांगायचंय."

"आधी हे वाच," ती म्हणाली.

तुझं पत्र होतं. सतरा नोव्हेंबरचं. माझं पत्र तुला मिळालं त्यानंतर आठवडाही झाला नव्हता. तुझं अक्षर आजही सुंदर आहे.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण ते मी वाचलंय हे तुला माहीत असावं. वजनं खोटी लिहिली गेल्याचं तुला नुकतंच कळलं आणि फार दुःख झालं म्हणे. ओरकानचा नर म्हणून विचार करू नकोस असं तू मला सुचवलं होतंस, पण मी ऐकलं नाही. कागदही म्हणे मीच काढून दिला आणि तू तो विश्वासाने पुढे केलास. आणि मग ते वाक्य. "माझी बहीण एकटी राहते, तिला कुत्र्यांशिवाय कुणी नाही, तिच्याकडून त्या भरात हे झालं असावं, तिच्यावर फार रागावू नये."

मी तुला वाट देत होते, आणि तू माझ्याच पत्रातली कबुली उचलून तिला पाठवलीस.

मी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं.

"यातलं खोटं काय आहे?" तिने विचारलं.

बाकी सगळं, असं म्हणता आलं असतं. पण आधी जे खरं होतं ते सांगायला हवं होतं. "वजनाचं खरं आहे," मी म्हणाले. "तेच सांगायला आले होते."

"तू पोचायच्या आधी ते येऊन पोचलं."

"कागद त्याचा होता, युदिता. मला माहीत नव्हतं."

"ते मला कळतं. कागद त्याच्या खिशातून निघाला, मला डोळे आहेत." तिने दुनायचं जाकीट सारखं केलं. "तुझ्या भावाने मला फसवलं त्याचं मी फारसं मनाला लावून घेतलेलं नाही. तो मला कोण? एकदा भेटलेला माणूस. तीन वर्षं पत्रं तू लिहिलीस. आईच्या आजारपणात मी तुला जे लिहिलं ते मी बहिणीलासुद्धा लिहिलं नव्हतं. काटा जुना झालाय, असं तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस."

तू मला सांभाळून लिही म्हणालास, हे तिथे सांगायचं होतं, बसमध्ये पाठही केलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. लिहिणारा हात माझाच होता.

नंतर मी मूर्खासारखं म्हणाले की दुनायला मी घेऊन जाते, दुसऱ्या चांगल्या घरातलं पिल्लू तुला मिळवून देते, माझ्या खर्चाने. तिने पहिल्यांदाच आवाज चढवला. "हा काय भांडं आहे, चिरलं म्हणून बदलून घ्यायला?" दुनायने नाडी सोडून तिच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि माझ्यापुढे सूप आणून ठेवलं. उपाशी कुणाला परत पाठवायचं नाही, एवढ्यासाठीच. मी ते संपवलं.

डॉक्टर म्हणतात तीन वर्षं. औषधं लागू पडली तर पाच.

"मला तुझ्याकडून काही नको," ती म्हणाली. "पण त्या नराची बाकीची पिल्लं कुणाच्या घरी आहेत? त्यांना कोण सांगणार?"

"मी," म्हणाले.

तिने मला तासभर दुनायजवळ बसू दिलं. स्वतः बाहेर कपडे वाळत घालायला गेली. दुनाय माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला, मध्येच पाय झाडत होता, स्वप्नात धावत असावा. बसच्या वेळेला ओंद्रेय मला सोडायला आला. थांब्यावर पोचल्यावर म्हणाला, "दोन मीटरचं कुंपण बांधलं मी. आणि हा पायरी चढायला मला हाक मारतो." तो हसला आणि मग त्याने खिशातून रुमाल काढला. युदिताने निरोप पाठवला नव्हता. तिला मी परत पत्र लिहिलेलं नाही. लिहायला बसते आणि पहिली ओळसुद्धा जमत नाही.

आता मी काय केलं ते.

आठ जानेवारीला समितीला टपालाने सगळं पाठवलं. पहिल्या पानावर माझा गुन्हा आहे, वजनांच्या वहीच्या नकला जोडून. दुसऱ्या पानावर तुझा, प्रयोगशाळेच्या उत्तरासह. माझ्या केनलचं नाव यादीतून काढा असंही लिहिलंय. यास्नाच्या बाकीच्या पाचही घरांना मी स्वतः सांगितलं, तिथली पिल्लं नीट वाढताहेत, पण रक्त तपासून घेणार आहेत. पोलंडच्या माणसाला कळवलं, ती मादी येणार नाही.

ओरकानच्या अकरा घरांचे पत्ते माझ्याकडे नव्हते. म्हणून मी हाव्रिलाकडे गेले, जुन्या नोंदी अजून त्याच्याकडेच असतात. मला वाटलं होतं तो हसेल, निदान एखादा टोमणा मारेल. त्याने खुर्ची पुढे केली, चष्मा शोधला आणि अकराही पत्ते स्वतःच्या हाताने उतरवून दिले. फक्त एवढंच विचारलं, "इम्रिखला ठाऊक आहे का, तू इथे आलीस ते?" मी नाही म्हणाले. "मग सांग त्याला," तो म्हणाला. "मागून कळलं की जास्त लागतं."

म्हणून सांगतेय.

सहा घरांना मी फोन केले. झिलिनाच्या एका बाईकडचं पिल्लू पाच महिन्यांचं असून मांजराएवढं आहे. तिला वाटत होतं, आपणच त्याला कमी खायला घालतो. दिवसातून पाचदा भरवत होती. मी सांगितल्यावर ती रडायला लागली, आणि रडत रडत माझे आभार मानले. मी फोन ठेवून बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालास, घरातलं घरात मिटलं असतं, आणि समितीला लिहिलंस तर तू मला संपवशील. त्याचं उत्तर आता देते. घरातलं ते घरात राहिलं नव्हतं, इम्रिख. ते अकरा घरांत गेलं होतं आणि एक सरहद्द ओलांडून युदिताच्या चुलीपाशी जाऊन बसलं होतं. आणि ते घरातलं म्हणून मिटवायचं होतं, तर तू तिला पत्र का लिहिलंस?

खोटा कागद मी कधीतरी विसरेन. तुझं पत्रही कदाचित. पण त्या दिवशी अंगणात तू कागद काढलास तेव्हा मी तो बघणार नाही याची तुला खात्री होती. पन्नास वर्षं तू मला ओळखत होतास, आणि ती ओळख तू अशी वापरलीस.

पाच घरं राहिली आहेत. त्यांची नावं आणि नंबर मागच्या पानावर लिहिले आहेत. मी त्यांना मुद्दाम फोन केलेला नाही. ती तुझी आहेत. फोन कर आणि सांग की ओरकानचा निकाल तुला ठाऊक होता. गफलत, चूक, योगायोग असले शब्द वापरू नकोस, बहिणीचं नावही घेऊ नकोस. रविवारपर्यंत थांबते. सोमवारी सकाळी मी त्या पाचही घरांना विचारीन, आणि तू केला नसशील तर मी सांगेन.

केलास तर ये. कधीही ये. मी काही विचारणार नाही, जेवायला वाढेन.

तोवर नुसती नात्याने तुझी बहीण,
ओतिलिया